मी अडवलेला कोंडा

मित्रांनो, आमच्या भट्टीच्या मागच्या खोलीत शिरलात की डाव्या हाताच्या भिंतीवर एक गोल लाकडी कडे टांगलेले दिसेल. ती मी. पिठाची चाळण. आता बरीच जुनी झाले आहे. कड्याला दोन ठिकाणी तार गुंडाळली आहे, आणि एका बाजूचे लाकूड तळहाताएवढे गुळगुळीत झाले आहे, कारण चाळीस वर्षे तिथेच एका बाईची थाप पडत आली आहे. स्वतःची गोष्ट सांगायला बसल्या की आमच्यासारख्या वस्तू आपल्या सेवेचे गोडवे गातात आणि शेवटी आपली हेळसांड कशी झाली ते सांगून डोळे पुसतात. माझी हेळसांड कोणी केली नाही. माझे फार लाड झाले. पण माझ्या हातून एक चूक होत राहिली, आणि ती इतकी वर्षे होत राहिली की लोक तिलाच माझा गुण समजू लागले. ती तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

चाळण्या करणाऱ्या एका कारागिराच्या दुकानामागच्या खोलीत माझा जन्म झाला. त्याने लाकडाची पातळ पट्टी वाफेवर मऊ केली, गोल वाकवली, बारीक खिळे, म्हणजे चुका, ठोकल्या आणि पितळी तारेची जाळी ताणून बसवली. भोके इतकी बारीक होती की मोहरी तर सोडाच, मोहरीचा तुकडाही त्यांतून जाऊ नये. त्याने जाळीवर टिचकी मारून पाहिली. आवाज मनासारखा आला असावा. "ही कुणाची भीडभाड ठेवणार नाही," तो स्वतःशीच म्हणाला. मला ते कौतुक वाटले आणि मी ते मनावर घेतले.

मला विकत घेतले ते थोरल्या भट्टीवाल्यांनी. पाव आणि बिस्किटे करणारा माणूस. त्यांची मुलगी तेव्हा एकवीस वर्षांची होती आणि मुलगा चौदाचा. पीठ चाळायचे काम मुलीकडे होते. पुढे ती या घरातली आत्या झाली, गल्लीचीही आत्याच झाली, म्हणून मीही तिला आत्याच म्हणते.

मी आल्यावर महिन्याभरात एक प्रकार घडला. त्या दिवशी आत्याला ताप होता आणि पीठ न चाळताच मळले गेले. गव्हातला एक खडा गिरणीत नीट भरडला गेला नव्हता, त्याचा तुकडा पावात गेला आणि शाळेतल्या मास्तरांचा दात मोडला. मास्तर भले माणूस. ते काही बोलले नाहीत, पण गालाला रुमाल बांधून आठवडाभर आमच्या दुकानासमोरून शाळेत जात राहिले. आत्या ते रोज खिडकीतून बघायची. आठव्या दिवशी तिने मला खिळ्यावरून काढले आणि म्हणाली, "माझ्या जिवात जीव आहे तोवर न चाळलेलं पीठ भट्टीत जाणार नाही." त्यानंतर तिने तो शब्द एकदाही मोडला नाही.

तेव्हापासून या खोलीत एक शिस्त पडली. पीठ आत्याचे, कणीक आणि भट्टी बापलेकाची. आत्या मागच्या खोलीत पीठ चाळून परातीत भरून ठेवी आणि पुढचे काम पुढच्या खोलीत चाले. कोणी कोणाच्या कामात नाक खुपसायचे नाही. ही शिस्त चांगलीच होती. पुढे तिनेच आमचा घात केला.

कारण मी खडे तर अडवलेच, पण कोंडाही अडवला. गव्हाची तपकिरी साल, जी गिरणीतून पिठाबरोबर येते, ती सगळी माझ्यावर राही आणि खाली पडे ते शुभ्र, मऊ, पावडरीसारखे पीठ. वर राहिलेला कोंडा बादलीत जाई आणि बादली शेजारच्या शिंप्याच्या कोंबड्यांकडे. त्या कोंबड्या आमच्या दाराशी वाट बघत उभ्या असत. पिसे चकचकीत, चाल ऐटबाज. सगळ्या गल्लीत त्यांच्याएवढे ठणठणीत कोणी नव्हते, पण ही गोष्ट आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात शिरली नाही.

थोरल्या भट्टीवाल्यांना साखरेचा आजार होता. तो आहे हे त्यांना उशिरा कळले. एकदा भट्टीतून काढलेला तापलेला पत्रा त्यांच्या पायाच्या अंगठ्यावर पडला आणि आजाराने पाय बधिर झाल्यामुळे त्यांना काही वाटलेच नाही. जळका वास आला तेव्हा ते पावाकडे बघत होते, पायाकडे नाही. जखम चिघळली, मग अंगठा गेला, मग घोट्यापर्यंत पाय. त्यांचा मुलगा तेव्हा पंचवीसचा होता. रोज सकाळी तो वडिलांच्या पायाची पट्टी बदली, मग हात धुऊन कणीक मळायला घेई. वडील उंच स्टुलावर बसून भट्टीकडे बघत राहत. तीन वर्षांनी ते गेले.

मुलाने भट्टी चालवली आणि नावारूपाला आणली. त्याचा पाव इतका पांढरा, इतका हलका की गल्लीने त्याचे नावच कापूस ठेवले. पुढे वय वाढले तसे कापूसकाका झाले. "कापूसकाकांचा पाव दात नसलेल्यालाही चालतो," असे लोक म्हणत आणि आत्या माझ्या कड्यावर हलकेच थाप मारी. मला वाटे, हे सगळे माझ्यामुळे. बिस्किटांचेही नाव होते. त्यांत वनस्पती तूप पडे, ते पांढरे, घट्ट, डब्यातून चमच्याने खरवडून काढायचे. काकांचा स्वतःचा नाश्ता ठरलेला होता: भट्टीतून काढलेला गरम बन, त्यावर बोटभर वनस्पती तूप आणि वर साखर. तो उभ्याउभ्याच व्हायचा. दुपारी पाव, रात्री पाव. भाजी म्हणजे त्यांच्या लेखी पाव संपवायची एक सबब होती. त्यांच्या अ‍ॅप्रनच्या नाड्या पूर्वी कमरेला दोन वेढे देऊन पुढे बांधल्या जात. मग एकच वेढा पुरला. मग आत्याने दोन्ही नाड्यांना वीतभर कापड जोडले.

काकांची बायको लवकर गेली. लेक तेव्हा चार वर्षांची होती. आत्यानेच तिला वाढवले. ती पोर माझ्याखाली परात धरून मोठी झाली, शिकली आणि रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला लागली. तिला लोकांच्या रक्तातले आकडे दिसत, आणि घरी आली की वडिलांचे पोट दिसे. शेवटी एका सकाळी ती सुई आणि बाटली घेऊनच भट्टीच्या खोलीत आली. "बाबा, बाही वर करा. नाहीतर आज पाव विकू देणार नाही."

दोन दिवसांनी डॉक्टरीणबाई आल्या. त्या रोज सकाळी आमच्याकडूनच पाव नेत. त्या दिवशी त्यांनी पिशवी पुढे केली नाही. पिठाच्या पोत्यावर बसल्या आणि लेकीने दिलेला कागद मांडीवर ठेवला. उपाशीपोटी साखर एकशे एकोणीस. रक्तातली चरबी तीनशे बारा. यकृतावरही चरबी साठलेली.

"आजार अजून झालेला नाही," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही उंबरठ्यावर उभे आहात. वडिलांचं झालं ते तुम्ही बघितलंय."

 काकांनी स्वतःच्या पायाकडे पाहिले. मित्रांनो, तेव्हा मला पहिल्यांदा भीती म्हणजे काय ते कळले.

"पाव सोडायचा का?" आत्याने विचारले.

"सोडणार नाहीत ते, मला माहीत आहे. मग पाव बदला. गहू सालीसकट दळून आणा. हे बघा, पांढरा पाव पोटात गेला की लगेच विरघळतो आणि साखर रक्तात धावत सुटते. कोंडा असला की तिला सावकाश जावं लागतं. शिवाय आतड्यात कोट्यवधी बारीक जीव राहतात. त्यांचं जेवण म्हणजे असाच चोथा, धान्याचा, कडधान्याचा, भाजीचा. त्यांना उपाशी ठेवलं तर आपलं भलं होत नाही."

"आणि तूप?" काकांनी डब्याकडे बघत विचारले.

"हे घट्ट वनस्पती तूप आजपासून बंद. तुमच्या पोटातही आणि होईल तेवढं गिऱ्हाइकांच्याही. सगळीच चरबी वाईट नसते. साधं तेल घ्या, मोजून. मूठभर अक्रोड, शेंगदाणे, जवस खा. पण हा डबा नको."

काका उठले आणि उरलेला डबा त्यांनी स्वतः उचलून मागच्या दाराशी नेऊन ठेवला. त्या माणसाचा एक गुण मला नेहमीच आवडत आला आहे. निश्चय एकदा केला की ते त्याची जाहिरात करत नाहीत. दुसऱ्या दिवसापासून गरम बन बंद झाला. साखर बंद झाली. लेक दर आठवड्याला पाच किलो गहू गिरणीतून सालीसकट दळून आणी आणि पिशवीवर मोठ्या अक्षरांत लिही: बाबांचे.

आता पुढे काय झाले असेल ते तुमच्यातल्या हुशार मुलांनी ओळखले असेल. आमच्या घरात मात्र ते तीन महिने कोणालाही कळले नाही.

पिशवी मागच्या खोलीत येई. आत्या ती उघडी, मला खिळ्यावरून काढी आणि पीठ चाळायला बसे. तिच्या मनात शंकेला जागाच नव्हती. भावाची तब्येत नाजूक, म्हणून उलट ती ते पीठ एकदा सोडून दोनदा चाळी. थप, थप, थप. पांढरे पीठ खाली, कोंडा वर. कोंडा बादलीत, बादली कोंबड्यांकडे. मी ओरडू शकले असते तर ओरडले असते. पण चाळणीला भोके पुष्कळ असतात, तोंड एकही नसते.

आणि काका? ते पुढच्या खोलीत त्या पिठाचा पाव करत आणि खूश होत. "लोक म्हणतात कोंड्याचा पाव विटेसारखा होतो. माझा बघ कसा फुगलाय. शेवटी हातात असावं लागतं." चाळीस वर्षे कणीक मळणाऱ्या माणसाला संशय यायला हवा होता. पण कौतुक स्वतःचे असले की माणूस खोलात जात नाही. कोंड्याचा पाव त्यांनी जन्मात कधी केला नव्हता, म्हणून तो असाच असतो अशी त्यांनी समजूत करून घेतली.

तीन महिन्यांनी पुन्हा सुई टोचली. रक्तातली चरबी तीनशे बारावरून एकशे नव्वदवर आली होती. तुपाचा डबा गेल्याचे फळ दिसत होते. साखर मात्र एकशे सतरा. म्हणजे जागची हललीच नव्हती.

लेक कागद घेऊन आली तेव्हा दुकान बंद व्हायची वेळ होती. ती दमलेली होती आणि घाबरलेली होती. घाबरलेली माणसे कधी कधी नको ते बोलून जातात.

"बाबा, खरं सांगा. साखरेचे बन चालूच आहेत ना? माझ्यामागे?"

काकांनी हातातले फडके खाली ठेवले. अ‍ॅप्रनची गाठ सोडली. 

"तुझ्या आजोबांचा पाय मी रोज बांधायचो," ते म्हणाले. "तो वास अजून माझ्या नाकात आहे. मी चोरून खाईन?"

"मग साखर उतरत का नाही?"

"ते मला काय विचारतेस? तीन महिने मी गोड वासात उभा राहून कोरडा पाव चावतोय. त्याचा काडीचा उपयोग नसेल तर कशाला हे सोंग? उद्यापासून आपला नेहमीचा बन बरा."

ते घरात निघून गेले. पुढचे चार दिवस बापलेक एकमेकांशी बोलले नाहीत. खरे सांगते, मला त्या साखरेच्या आकड्याची नाही, त्या शेवटच्या वाक्याची धास्ती बसली. माणूस चुकीच्या वाटेने गेला तर त्याला परत आणता येते. पण बरोबर वाटेने चालूनही काही हाती लागत नाही असे एकदा त्याच्या मनाने घेतले की तो बसतोच. आणि हे त्याच्या मनाने घेतले होते ते माझ्यामुळे. पाचव्या दिवशी सकाळी काकांनी एक बन बाजूला काढून ठेवला. खाल्ला नाही, नुसता ठेवला. आत्याने तो पाहिला आणि उचलून दुकानात विकायला ठेवला.

त्याच दिवशी लेकीने सुट्टी काढली होती. वडिलांना दोष देऊन ती चार दिवस झोपली नव्हती, हे तिच्या डोळ्यांवरून दिसत होते. ती सरळ मागच्या खोलीत आली. सोबत वजनकाटा होता.

"आमच्याकडे निकाल विचित्र आला की आधी नमुना तपासतात," ती आत्याला म्हणाली. "माणसावर संशय घ्यायचा तो शेवटी. मी उलटं केलं."

तिने काल आणलेल्या 'बाबांचे' पिशवीचे वजन लिहून ठेवले होते: पाच किलो. आत्याने सकाळीच ते पीठ नेहमीप्रमाणे परातीत काढून ठेवले होते. लेकीने परातीतले पीठ काट्यावर घातले. चार किलो आणि थोडेसे. तिने पुन्हा मोजले. तेवढेच.

"आत्या, यातलं किलोभर पीठ कुठं गेलं?"

आत्या हातात बादली घेऊन मागच्या दाराकडे निघाली होती. ती थांबलीसुद्धा नाही. "कुठं जाणार? कोंबड्यांना," ती म्हणाली, आणि मग थांबली.

लेकीने बादलीत हात घातला. मूठभर तपकिरी कोंडा वर आला.

"तू हे पीठ चाळतेस?"

"न चाळलेलं पीठ मी कधी भट्टीत जाऊ दिलंय का? मास्तरांचा दात..." आत्याचे बोलणे अर्धे राहिले. तिने बादलीत पाहिले. मग परातीत पाहिले. मग माझ्याकडे पाहिले. चाळीस वर्षांत तिने माझ्याकडे तसे कधी पाहिले नव्हते. ती तिथेच पोत्यावर बसली. "म्हणजे तीन महिने मी त्याच्या ताटातलं काढून कोंबड्यांना घातलं. ह्या हातांनी."

आवाज ऐकून काका दारात आले. त्यांना सगळे कळायला क्षणभर लागला. मला वाटले आता ते बहिणीवर भडकतील. ते परातीपाशी गेले, चिमूटभर पीठ बोटांत चोळले आणि भिंतीला टेकले.

"आणि मी गल्लीभर सांगत सुटलो होतो, माझ्या हातचा कोंड्याचा पाव कसा फुगतो म्हणून," ते म्हणाले. त्यांना हसू आले. मग हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. लेकीने पुढे होऊन त्यांचा पिठाळलेला हात धरला. "बाबा, चुकले मी," एवढेच ती म्हणाली. काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, त्यामुळे तिच्या केसांवर पिठाचा पंजा उमटला.

आत्या मात्र उठली आणि कोपऱ्यातली लाकूड फोडायची कुऱ्हाड घेऊन आली. माझे काय होणार ते मला समजले. मित्रांनो, मी दयेची याचना केली नाही. माझी भोके, माझा तोरा, माझी ती भीडभाड न ठेवणारी जात. मोडण्यासारखे बरेच होते.

"ताई, ठेव ती," काका म्हणाले. "चाळणीचा काय दोष? तिला जे करायला बनवलं ते ती करतेय."

"आणि खडे? खड्यांचं काय करू?" आत्या म्हणाली, आणि तिचा आवाज एकवीस वर्षांच्या पोरीसारखा झाला. "न चाळता दिलं आणि पुन्हा कुणाचा दात गेला तर?"

हा प्रश्न खरा होता. तिची भीती खोटी नव्हती, फक्त तिची जागा चुकली होती. खडा गव्हात असतो. मग तो गव्हातच पकडायला हवा, दळण्याआधी. हे लेकीच्या ध्यानात आले. पण गव्हाला माझ्या जाळीचा काय उपयोग? तिच्यातून बारीक कचसुद्धा पडली नसती.

मला त्याच कारागिराच्या दुकानात नेले. तो आता नव्हता. त्याची सून काम बघत होती. तिने पकड घेतली आणि माझी बारीक पितळी जाळी एकेक चूक उपटत काढली. दुखले का, असे विचाराल तर दुखले. चाळीस वर्षे ज्या गोष्टीचा अभिमान धरला ती गुंडाळी होऊन कोपऱ्यात पडली. मग तिने मोठ्या भोकांची जाळी ताणून बसवली. तिच्यातून धूळ, माती, बारीक कच खाली पडते आणि गहू वर राहतो. मोठे खडे वरच दिसतात, ते आत्या बोटांनी वेचते. पूर्वी माझ्यावर जे राही ते फेकून दिले जाई. आता माझ्यावर जे राहते तेच घरात जपून ठेवले जाते. मी तीच आहे की दुसरी झाले, हे मला अजूनही नीट सांगता येत नाही.

कोंड्याचा खरा पाव पहिल्या दिवशी भट्टीतून बाहेर आला तेव्हा काकांनी तो टेबलावर ठेवला आणि टेबल वाजले. दुसऱ्या दिवशीचा तसाच. तिसऱ्या दिवशी त्यांना स्वतःलाच पोटात गुबारा धरला आणि ते दिवसभर कोणाच्या जवळ उभे राहिले नाहीत. डॉक्टरीणबाईंनी कान उपटले. एवढ्या वर्षांचा उपास एका दिवसात फेडू नका, कोंडा हळूहळू वाढवा आणि पाणी भरपूर प्या, असे बजावले. गिऱ्हाइकांनी चेष्टा केली. एकाने विचारले, हा खायचा आहे की भिंतीत बसवायचा? शिंप्याने येऊन तक्रार केली की कोंबड्या रुसल्या आहेत. काकांनी सगळे ऐकून घेतले आणि पुन्हा कणीक मळायला घेतली. पाणी वाढवून पाहिले. पीठ बारा तास भिजवून पाहिले. जवस कुटून घातला. अकराव्या खेपेला पाव जरासा वर आला. कापूस नव्हता तो, पण दाताखाली चांगला लागत होता आणि एक तुकडा खाल्ला की बराच वेळ भूक लागत नव्हती. त्यांच्या ताटात आता मसूर, हरभरे आणि भाज्याही आल्या, कुरकुरत का होईना. दुपारी दुकान बंद असे तेव्हा ते तासभर चालून येत.

चार महिन्यांनी साखर एकशे तीन आली, चरबी एकशे अठ्ठेचाळीस. "उंबरठ्यावरून मागे सरकलात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण दार उघडंच आहे. पाठ फिरवू नका." काकांनी मान डोलावली आणि भट्टीतला पत्रा फिरवायला गेले.

लेक कागद घडी करून पर्समध्ये ठेवत होती. तेवढ्यात आत्या हातातला गहू बाजूला सारून तिच्यासमोर आली आणि तिने बाही वर केली.

"आता माझं पण बघ."

लेक तिच्याकडे बघतच राहिली.  ती रोज दीडशे अनोळखी माणसांचे रक्त तपासत होती. जिने तिला वाढवले तिचे रक्त तिने कधी पाहिले नव्हते. आणि आत्या? तिने भावासाठी गहू निवडला, त्याचा पाव त्यालाच वाढला आणि स्वतः मात्र दुकानात उरलेला पांढरा पावच खात राहिली, कालचा, वाया जाऊ नये म्हणून. तूपही तिने खाल्ले होते. डब्याच्या तळाशी राहिलेले. हे मी पाहत होते. घरातल्या दोन माणसांनी ते पाहिले नव्हते.

आत्याची उपाशीपोटीची साखर एकशे बेचाळीस निघाली. लेकीने पुन्हा तपासली. तेवढीच.

"आत्या, बाबा उंबरठ्यावर होते," म्हणताना लेकीने डोळे पुसले. "तू पलीकडे गेलीयेस गं. आणि आम्हाला पत्ताच नाही."

काका कणकेचे हात तसेच धरून उभे होते. इतका शरमलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आत्याने कागद लांब धरून वाचला आणि खाली ठेवला. "रडतेस कशाला? डॉक्टरीणबाईंकडे जायचं, त्या देतील ती गोळी घ्यायची. आणि बाकीचा रस्ता मला पाठ आहे. भावाला मीच चालवलंय त्यावरून. आता मी चालते." तिने गव्हाचा डबा पुढे ओढला, एकाच्या जागी दोन मापे काढली आणि माझ्यात ओतली.

तिची थाप माझ्या कड्यावर पडली, नेहमीच्याच जागी, नेहमीच्याच जोराने.

मित्रांनो, मी आहे तोवर गहू निवडत राहीन. माझ्याकडून वर्षानुवर्षे चूक होत राहिली, ती मी माझ्या परीने निस्तरते आहे. तुमच्याकडे माझे मागणे फार नाही. धान्याची साल, डाळीचे टरफल, फळाची साल यांना कचरा समजू नका, आणि पांढरे दिसते म्हणून कशाला चांगले म्हणू नका. आणखी एक. आज जेवायला बसाल तेव्हा वाढणाऱ्या माणसाला हात धरून आधी खाली बसवा, आणि तुमच्या ताटात जे आहे तेच त्याच्या ताटात आहे ना, ते डोळ्यांनी बघा.